खांबेट्यांची वाटी

खांबेटेसाहेब कामावर डबा आणत नसत. वाटी आणत. रिकामी.

जेवणाची सुट्टी झाली की ते केबिनमधून निघायचे. एका हातात रुमालात गुंडाळलेला पाव, दुसऱ्या हातात ती स्टीलची वाटी. मग पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत फेरी. सावंताचं मालवणी तिखलं, पॅकिंगमधल्या पोरींची मेथी, वॉचमनची डाळ, सगळं एकाच वाटीत, एकावर एक. वर म्हणायचे, "मी जेवत नाही हो, चव बघतो." चव बघता बघता माणूस चांगला गोलमटोल झाला होता.

मला हा प्रकार मुळीच आवडायचा नाही. मी तेव्हा नुकतीच बीएस्सी होऊन आमच्या रंगाच्या फॅक्टरीत लॅबमध्ये लागले होते. फॅक्टरी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूच्या औद्योगिक वसाहतीत. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणजे काहीतरी भारदस्त असेल अशी माझी कल्पना, आणि हे गृहस्थ पहिल्याच दिवशी माझ्या डब्यात डोकावून म्हणाले, "नेनेबाई, वाल दिसतायत."

"मोजकेच आहेत," मी म्हटलं आणि झाकण लावलं. आईच्या हातचे वाल मी घरात भावाला देत नव्हते, ह्यांना कुठून देणार? मी त्यांना दुधीची भाजी द्यायची. भेंडी द्यायची, तीही देठाकडची. वाल असले की डबा लॅबमध्ये बसून खायची. ते दारातून नुसते वास घेऊन जायचे आणि जाताना म्हणायचे, "असू दे, असू दे. कधीतरी."

वाटी का, हे मला फार उशिरा आणि दुसऱ्याकडून कळलं. त्यांची बायको मंदाताई लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली. मूलबाळ नाही. साहेबांना चहासुद्धा धड करता येत नसे. ती वाटी लग्नातली. तेव्हा भांड्याच्या दुकानात नाव कोरून मिळायचं, तसं वाटीच्या आत, बरोब्बर तळाला, कोरलेलं होतं: सौ. मंदा. वाटी चाटूनपुसून साफ झाली की नाव दिसायचं. मग साहेब उठायचे.

आता खरं सांगते, रंगाच्या शास्त्रात त्यांची गती बेताचीच होती. शेड जुळली की नाही हे त्यांना माझ्यापेक्षा कमी कळायचं आणि मला तेव्हा काही फार कळत नव्हतं. त्यांचं सगळं कौशल्य दोन शब्दांत होतं: "बरं, मग?" तुम्ही काहीही सांगा, ते मान तिरकी करून म्हणणार, "बरं, मग?" की समोरचा माणूस पुढचं सांगणार. त्याच्यापुढचंही सांगणार. सासूचं दुखणं, भावाची भांडणं, मिक्सरच्या पट्ट्याचा आवाज, सगळं बाहेर. दुपारनंतर ते शेजारच्या फॅक्टऱ्यांत चहाला जात. एके ठिकाणी साबण, एके ठिकाणी औषधं, एके ठिकाणी पत्र्याचे डबे. सगळीकडे ह्यांची खुर्ची ठरलेली.

आमचे मालक गुप्ते. माणूस सज्जन, पण हात इतका आखडता की ऑफिसातल्या फोनला कुलूप. ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "खांबेटे, तुम्ही दिवसभर गप्पा मारता. ह्या गप्पा मी कुठल्या खात्यावर टाकू?"

"किरकोळ," साहेब म्हणाले.

आम्ही भिंतीचा रंग करायचो, डिस्टेंपर. दोन मोठ्या टाक्या. एक रंग झाला की टाकी धुवायची आणि दुसरा घ्यायचा. धुतलेलं पाणी मागच्या नाल्यात. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, वसाहतीत सगळेच तसं करायचे. पण बाकीच्यांचं पाणी नुसतं घाण असायचं. आमचं सुंदर असायचं. सोमवारी नाला पिस्ता, मंगळवारी गुलाबी. नाल्यावरचे बगळे तर वर्षभर रंगीत पायांनी हिंडायचे. "आज आकाशी का हो?" असं बसस्टॉपवरचा पानवाला मला विचारायचा.

त्या नाल्याच्या काठी भागीरथीबाईंची वाडी. आगरी बाई, काटक, नाकात मोठी नथ, बोलण्यात कुणाची भीडभाड नाही. मेथी, मुळा, माठ लावायची, दोन म्हशी होत्या. मला लागून चारेक वर्षं झाली असतील, एक दिवस ती फॅक्टरीच्या गेटातून सरळ आत आली, म्हशीला घेऊन. म्हैस पोटापर्यंत मोरपंखी.

"कुनाचा रंग हाय ह्यो?" तिने विचारलं.

शेड जुळवणं माझं काम. मी बघितलं. आमचाच होता, अगदी सँपलबरहुकूम.

गुप्ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. खांबेटेसाहेब मात्र पायरीवर बसले, तिला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "बरं, मग?" ती जी बोलत सुटली ती म्हशीला उन्हात ताटकळत ठेवून. माठ कोमेजतो, विहिरीला वास येतो, बाजारात बायका भाजी उलटीपालटी करून बघतात. "मी तक्रार केली हाय," ती म्हणाली. "पोराकडना लिवून घेतली. आता तुमची कंपनी बंद करतीन."

साहेब त्या दिवशी संध्याकाळी तिच्या घरी गेले. तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊन आले. घरात आईच्या सोवळ्यात वाढलेला हा कोकणस्थ ब्राह्मण, आणि वाटीला दुसऱ्या दिवशीसुद्धा सुकटीचा घमघमाट. निघताना त्यांनी तिला शब्द दिला होता की नाला स्वच्छ करून देतो. ती म्हणाली, "शब्द नको. ही तुजी वाटी हाय ना? त्या नाल्याचं पानी हिच्यात घे. तलाचं नाव दिसलं तं मी मानीन."

साहेबांनी लगेच नाल्यावर जाऊन वाटी बुडवली. पाणी गडद निळं. नाव दिसेना. हे आम्हाला सावंतानं सांगितलं, तो बरोबर गेला होता. म्हणाला, "साहेब बरं मग पण म्हणाले नाय."

पुढच्या आठवड्यात प्रदूषणवाले साहेब जीपमधून आले, बाटलीत पाणी भरून घेतलं आणि नोटीस देऊन गेले. नवरात्र बसलं की कधीही येऊन बघणार. नाल्यात रंग दिसला की वीज-पाणी बंद. पाणी शुद्ध करायचं यंत्र घ्यायचं तर गुप्त्यांना अर्धी फॅक्टरी विकावी लागली असती. आणि पुढे दसरा-दिवाळी. वर्षाचा सगळा धंदा तेवढ्यात. घरोघर भिंती रंगवायच्या असतात, दुकानदार आज सांगणार आणि उद्या माल मागणार. म्हणजे टाक्या जास्त धुवायच्या, म्हणजे नाला जास्त रंगायचा. कंपनी बंद पडणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं. मी तर दुसरीकडे अर्जही करून ठेवला.

खांबेटेसाहेबांनी काय केलं? वाटी घेऊन फेरीला निघाले. पण ह्या वेळी प्रत्येकापाशी जास्त वेळ बसायला लागले.

सावंत मिक्सिंगचा मुख्य. त्याच्या तिखल्याची तारीफ करून साहेब "बरं, मग?" म्हणाले, आणि सावंतानं कित्येक वर्षांचं पाप ओकून टाकलं. नळ लांब पडतो म्हणून क्रीम रंगाची टाकी धुतली की तो ते पाणी फेकायचाच नाही. तेच पुढच्या पिवळ्या रंगात वापरायचा. "कोणाला बोलू नका," म्हणाला, "लॅबवाली बाई मला कच्चा खाईल."

साहेब वाटी घेऊन तडक लॅबवाल्या बाईकडे, म्हणजे माझ्याकडे. "नेनेबाई, आपला पिवळा कसा असतो हो?"

आता आली का पंचाईत. पिवळा नेहमीच सँपलपेक्षा जरा भरीव यायचा. मला ते ठाऊक होतं. पण चांगलाच येतोय, मग कशाला नापास करा आणि कशाला आरडाओरडा करा, म्हणून मी गप्प पास करत होते. म्हणजे सावंत माझ्यापासून लपवत होता आणि मी सावंतापासून. दोघेही आपापल्या जागी वर्षानुवर्षं घाबरून.

साहेब इतके हसले की वाटी खाली ठेवावी लागली. "मग केशरीत पिवळ्याचं पाणी का नको?" ते म्हणाले. "विटकरीत केशरीचं? चॉकलेटीत विटकरीचं?"

बस. एवढंच होतं. एका टाकीत पांढऱ्यापासून चॉकलेटीपर्यंत, दुसऱ्या टाकीत पिस्त्यापासून मोरपंखीपर्यंत. फिक्याकडून गडदाकडे जायचं, आणि धुतलेलं पाणी पुढच्या रंगात जिरवायचं. आई नाही का तांदूळ धुतलेलं पाणी आमटीत घालत, तसं. प्रत्येक रंगात किती पाणी चालेल ते मी ठरवून द्यायचं. आणि सगळ्यात शेवटी दोन्ही टाक्यांचं जे काही उरेल त्याचा एक वेगळाच रंग. तो रंग कसा होता ते सांगणं अवघड आहे. मातकट म्हणावा तर जांभळट, जांभळट म्हणावा तर राखी. साहेबांनी त्याला नाव दिलं 'भागीरथी' आणि कंपाउंडच्या भिंतींसाठी खास म्हणून स्वस्तात काढला. त्या काळात डोंबिवलीत जी म्हणून भिंत तुम्हाला बघितल्यासारखी वाटेल आणि आठवणार नाही, ती आमची.

खरी अडचण पुढेच होती. रंग आता रांगेनं येणार. दुकानदाराला चॉकलेटी हवा असला आणि टाकीत पांढरा चालू असला तर त्यानं थांबायचं. दिवाळीच्या तोंडावर कुठला दुकानदार थांबतो? गुप्ते म्हणाले, "खांबेटे, पहिल्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचा माल भरतील."

साहेब वाटी घेऊन ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत फिरले. वाटी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "दुकानदार जेवत नाहीत का?" कल्याणच्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं त्यांना सांगितलं, "तुमच्या कंपनीसाठी मी एक दिवस थांबणार नाही. पण माझ्या मुलीच्या लग्नात वाढायला माणसं कमी पडली तेव्हा तुम्ही पंगतीत जिलबी वाढत होतात. सांगा, गुरुवारी का शुक्रवारी?"

सगळे थांबले. कुरकुरले, पण थांबले. आणि नाल्याचं पाणी खरोखरच उतरायला लागलं. पानवाला मला म्हणाला, "काय मॅडम, कंपनी बंद झाली काय?"

इथेच साहेबांनी घोळ केला. दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच. आनंदाच्या भरात ते कामगारांना म्हणाले, "यंदा खंडेनवमीची पूजा झोकात करायची. कंपनी वाचली, मशिनं आरशासारखी दिसली पाहिजेत." आणि स्वतः कल्याणला दुकानदारांकडे गेले.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, ती आजवर झेंडूची माळ आणि नारळ ह्यावर भागायची. पण साहेबांनी सांगितलं म्हटल्यावर माणसं पेटली. सकाळपासून पाइप लावून धुलाई. टाक्या आतून घासल्या, मिक्सरची पाती खरवडली, कंपनी सुरू झाल्यापासूनची रंगाची खपली लोखंडी ब्रशनं काढली. फरशी धुतली, भिंती धुतल्या. सावंतानं तर जुन्या पिंपांची गंजकी रांगही धुऊन काढली. सगळं पाणी कुठं गेलं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. मी लॅबमध्ये रांगोळी काढत होते.

साहेब दुपारी बसमधून उतरले आणि त्यांनी नाला बघितला. आमच्या कंपनीनं आजवर केलेले सगळे रंग एकदम चालले होते. पट्टे पट्टे. बघायला इतकं छान होतं की शाळेतली पोरं काठावर जमली होती.

त्याच वेळी ऑफिसातला फोन वाजला. कुलूप लावलं तरी येणारा फोन वाजतो, हे गुप्त्यांचं नशीब. साबणाच्या फॅक्टरीचा ड्रायव्हर शीळफाट्याहून बोलत होता. प्रदूषणवाल्यांची जीप तिथं चहाला थांबली होती आणि साहेबांना कळवावं म्हणून त्यानं दुकानातून स्वतःच्या पैशानं फोन लावला होता.

मी गुप्त्यांचा चेहरा बघितला. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "संपलं."

खांबेटेसाहेब ऑफिसात आलेच नाहीत. ते पळत भागीरथीबाईंच्या वाडीवर गेले. त्यांना पळताना मी तेवढं एकदाच बघितलं, खिशातली वाटी वाजत होती. त्यांनी तिला काय सांगितलं असेल? मी नंतर विचारलं तर म्हणाले, "जे झालं ते." तिने ऐकून घेतलं. शिव्या दिल्या, त्या आम्हाला कंपाउंडपर्यंत ऐकू आल्या. आणि मग मुलांना हाक मारली. तिच्या मुलांनी मातीची पोती टाकून नाला तिच्या वाडीच्या वरच अडवला.

मग जे झालं ते मी विसरणं शक्य नाही. साबणवाल्यांनी रिकामी पिंपं गडगडत आणली. औषधवाल्यांचा छोटा पंप आला. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यातून बादल्या आल्या, नुसत्या बादल्या नाही, बादल्यांबरोबर माणसंही. कुणी कुणाला हुकूम केला नव्हता. ह्या प्रत्येक ठिकाणी साहेबांची चहाची खुर्ची होती, तेवढंच. पूजेच्या नव्या कपड्यांत सगळे नाल्यात उतरले आणि पाणी उपसायला लागले. थोड्या वेळानं बघते तर गुप्ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रांगेत उभे, गुलाबी झालेले.

जीप आली तेव्हा हे असं चाललं होतं. इन्स्पेक्टर तरुण होता, कडक. काठावर उभा राहून म्हणाला, "हा काय प्रकार आहे?"

मला वाटलं, आता साहेब काहीतरी रचून सांगणार. पण ते नाल्यातून वर आले, आणि क्रीमच्या पाण्यापासून खंडेनवमीपर्यंत सगळं सरळ सांगितलं. चूक कुणाची तेही. "मी सांगितलं म्हणून त्यांनी धुतलं," ते म्हणाले.

"मला हे लिहावं लागेल," इन्स्पेक्टर म्हणाला.

"लिहाच."

इन्स्पेक्टर भागीरथीबाईंकडे वळला. "आजी, तक्रार तुमचीच आहे ना?"

"हाय," ती म्हणाली. "आनि ती मी मागं घेनार नाय. पन आज तू जा. मानसं पानी उपसतान, दिसत नाय का तुला? दिवालीला ये. ह्याच्या वाटीत नाव नाय दिसलं तं मीच तुला कुलूप आनून देतंय."

त्या तरुण माणसाला बिचाऱ्याला वाटीचं काहीच कळलं नाही. साहेबांनी खिशातली वाटी काढून दाखवली, तर तो आणखी गोंधळला. पण अडवलेल्या नाल्याकडे आणि गुलाबी मालकाकडे बघून त्यानं दिवाळीपर्यंत मुदत दिली. जाताना साहेब म्हणाले, "प्रसादाचा शिरा तरी घ्या." तो म्हणाला, "ड्यूटीवर मी कुणाकडे काही घेत नाही." साहेबांना हे फार आवडलं. ते पुढे कित्येक वर्षं त्याची आठवण काढायचे.

उपसलेल्या त्या पाण्याचा आम्ही भागीरथी रंग केला. तो संपता संपेना.

दिवाळीला इन्स्पेक्टर आला, त्यानं बाटली भरली. त्याच्या शेजारी साहेबांनी वाटी भरली. भागीरथीबाई वाकून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने नातवाला पुढं केलं. पोरगं म्हणालं, "सौ. मंदा." म्हातारी घरात गेली आणि मेथीची मोठी जुडी आणून साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती मला दिली, कारण त्यांना निवडता येत नव्हती.

पुढे नव्वदच्या सुमारास गुप्त्यांनी यंत्रही बसवलं, फोनचं कुलूपही काढलं. मॅनेजमेंट शिकणारी पोरं फॅक्टरी बघायला यायला लागली. वही उघडून विचारायची की ह्या सुधारणेला भांडवल किती लागलं, तंत्रज्ञान कुठून आणलं. गुप्ते एकदा म्हणाले, "अहो, मी ह्या माणसाला इतकी वर्षं पगार देत होतो. कशाचा देत होतो ते त्या दसऱ्याला कळलं." पोरांनी ते लिहून घेतलं नाही. गुप्ते मात्र त्या दसऱ्यापासून आपला डबा उघडा ठेवून साहेबांची वाट बघायचे.

साहेब निवृत्त होऊन टिटवाळ्याच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले. मीही नंतर ठाण्याला दुसरीकडे लागले. मधे काही वर्षं गेली. मग एकदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी जुन्या मैत्रिणीकडे डोंबिवलीला निघाले होते. रिक्षा मानपाड्याच्या पुलावर आली, आणि खाली नाल्याच्या काठाला वाकलेली एक गोल पाठ दिसली. मी रिक्षा थांबवली.

ते दर खंडेनवमीला येत होते. कंपनीनं धुताना पाणी नाल्यात सोडलं नाही ना, ते बघायला. भागीरथीबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. "पण शब्द दिलाय ना तिला," ते म्हणाले. खूप वाळले होते. चष्म्याच्या काचा जाड. हातात पाण्यानं भरलेली वाटी, आणि ती डोळ्यांशी नेऊन, लांब धरून, तिरकी करून बघत होते.

"बरं झालं आलात, नेनेबाई," ते म्हणाले. लग्न होऊन मला पंधरा वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी मी नेनेबाईच. "मला आता कळत नाही हो, पाणी गढूळ आहे की माझे डोळे. जरा वाचा."

मी वाटी हातात घेतली. मला भीती वाटली, खोटं का सांगू? नाव नाही दिसलं तर ह्या माणसाला काय सांगायचं, हेच डोक्यात. मी वाटी उन्हात धरली.

"सौ. मंदा," मी वाचलं. अगदी स्वच्छ दिसत होतं, 'सौ.' च्या पुढचं टिंबसुद्धा.

"नक्की?"

"नक्की."

"बरं, मग?" साहेब म्हणाले, आणि त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली. "आज काय आहे?"

पिशवीत मैत्रिणीसाठी नेत असलेला डबा होता. आईच्या पद्धतीनं केलेले वाल. साहेबांनी वाटीतलं पाणी काठावरच्या वाडीतल्या माठाच्या वाफ्यात ओतलं आणि वाटी तशीच पुढं केली.

"आधी धुऊन तरी आणा," मी म्हटलं. "नाल्याचं पाणी आहे ते."

"आता तुम्हीच वाचलंत की."

ह्या माणसाशी वाद घालून आजवर कुणाचं काही चाललं नव्हतं. मी पदरानं वाटी घासून घासून पुसली, मैत्रिणीचा डबा उघडला आणि काठोकाठ वाल वाढले.